बायबलमधले आकडे वाचायचे कसे? नव्याने वाचायला बसलेल्यांसाठी

मार्काच्या आठव्या अध्यायात शिष्य नावेत बसून भाकरीची काळजी करताहेत. सोबत एकच भाकर आहे. येशू त्यांना हिशेब विचारतो. पाच हजारांना पाच भाकरी वाढल्या तेव्हा उरलेल्या तुकड्यांच्या किती टोपल्या भरल्या? बारा, ते सांगतात. आणि चार हजारांना सात भाकरी वाढल्या तेव्हा? सात. मग तो विचारतो, अजून तुमच्या ध्यानात येत नाही का? (मार्क ८:१४-२१)

शिष्यांना आकडे पाठ होते, त्यांचा अर्थ लागला नव्हता. नव्याने शास्त्र वाचणाऱ्याचंही असंच होतं. सात, बारा, चाळीस हे आकडे पानोपानी भेटतात आणि काहीतरी सांगताहेत एवढं जाणवतं. पुढे दोनच वाटा दिसतात. एक तर आकडा सोडून पुढे जायचं, नाहीतर मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतली भलतीच गणितं खरी मानायची.

हा लेख बाप्तिस्मा घेऊन थोडाच काळ झालेल्या माणसासाठी आहे, लग्न होऊन ख्रिस्ती घरात आलेल्या सुनेसाठी आहे, संडे स्कूल घेणाऱ्या कॉलेजच्या पोरीसाठी आहे. ज्या गावात पाळक किंवा फादर तालुक्याहून महिन्यातल्या एखाद्या रविवारीच येऊ शकतात आणि बाकीच्या रविवारी वचन वाचून दाखवायचं काम एखाद्या शेतकऱ्यावर येतं, त्याच्यासाठी तर नक्कीच आहे. पाळक घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळात सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेली. वावर सोडून पुण्याला शिकायला जाणं सगळ्यांना जमत नाही. पण आकडे वाचण्याची रीत घरी बसून शिकता येते.

ती रीत अशी: शास्त्रातला आकडा बहुतेक वेळा मागे घडून गेलेल्या गोष्टीची आठवण करून देतो. म्हणून आकडा दिसला की मागची पानं उलटायची.

पहिली पायरी: जवळ काय ठेवायचं

पवित्र शास्त्र, एक वही आणि पेन्सिल. समासात किंवा पानाच्या तळाशी संदर्भवचनं छापलेली प्रत मिळाली तर फार बरं, कारण निम्मं काम तीच करून देते. मोबाइलवर मराठी बायबल असेल तर शोधायची सोय वापरा. मात्र आकडा अक्षरांत लिहून शोधा. मराठी शास्त्रात सहसा ‘४०’ छापलेलं नसतं, ‘चाळीस’ छापलेलं असतं. ‘चाळिसाव्या’ असं रूपही वेगळं शोधून पाहा.

वहीत प्रत्येक आकड्याला स्वतंत्र पान द्या. सात, बारा आणि चाळीस यांना दोन-दोन पानं ठेवा, ती भरतात. वचन सापडलं की अध्याय आणि ओवी लिहायची आणि पुढे एका ओळीत काय घडलं ते लिहायचं. अर्थ लगेच लिहू नका. दहाएक नोंदी झाल्या की अर्थ त्यातूनच दिसायला लागतो.

दुसरी पायरी: आधी साधी मोजणी

आपल्याकडे घरोघरी पेटीत सातबारा जपून ठेवलेला असतो. गाव नमुना ७ मध्ये जमीन कोणाच्या नावावर आहे ते, आणि गाव नमुना १२ मध्ये वावरात काय पेरलं ते. सात आणि बारा हे बायबलमधले सर्वांत वजनदार आकडे, पण तलाठ्याच्या दप्तरात ते नमुन्याचे क्रमांक आहेत, त्यापलीकडे काही नाही. शास्त्रातही कितीतरी आकडे नुसतं मोजमाप सांगतात. पौलाच्या फुटलेल्या जहाजावर दोनशे शहात्तर माणसं होती (प्रेषितांची कृत्ये २७:३७). बेथानी यरुशलेमपासून पंधरा स्टेडियांवर (स्टेडिया हे त्या काळचं अंतराचं माप) होतं (योहान ११:१८). एज्राच्या दुसऱ्या अध्यायात बाबेलच्या बंदिवासातून परत आलेल्या घराण्यांची लांबलचक शिरगणती आहे. अशा ठिकाणी गूढ शोधत बसू नका. माणसं खरी होती, वाट खरी होती, म्हणून कोणीतरी मोजली, हेही मोलाचंच आहे.

अध्याय आणि ओव्यांचे क्रमांक तर मूळ लेखनात नव्हतेच. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली असून ती इंग्लंडच्या स्टीफन लँग्टन यांच्या नावावर आहे. नव्या करारातल्या ओव्यांचे क्रमांक रॉबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ साली छापले. योहान ३:१६ हे वचन अनमोल आहे, पण तीन आणि सोळा या आकड्यांत काही दडलेलं नाही. कोणी ओवीच्या क्रमांकावरून भविष्य सांगू लागला तर त्याला हे शतक आणि हे साल सांगा.

मग आकडा खूण आहे हे ओळखायचं कसं? मी तीन गोष्टी बघतो. लेखक तो आकडा पुन्हा पुन्हा आणतो का? गोष्ट सांगायला गरज नसताना तो मुद्दाम दिलाय का? आणि तोच आकडा आधीच्या एखाद्या मोठ्या घटनेत आहे का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ आली तर थांबून वाचायचं.

तिसरी पायरी: मागची पानं उलटा, सुरुवात चाळीसपासून

चाळीस हा शिकायला सर्वांत सोपा आकडा. नोहाच्या काळी चाळीस दिवस आणि चाळीस रात्री पाऊस पडला (उत्पत्ती ७:१२). मोशे सीनाय पर्वतावर चाळीस दिवस राहिला (निर्गम २४:१८). हेर चाळीस दिवस कनान देश पाहून आले, लोक घाबरले, आणि एका दिवसाला एक वर्ष या हिशेबाने इस्राएल चाळीस वर्षं रानात फिरलं (गणना १४:३४). एलीया देवदूताने दिलेल्या अन्नाच्या बळावर चाळीस दिवस चालत होरेब डोंगरावर पोचला (१ राजे १९:८). योनाने निनवेला चाळीस दिवसांची मुदत सांगितली (योना ३:४). येशूने रानात चाळीस दिवस उपास केला (मत्तय ४:२) आणि पुनरुत्थानानंतर चाळीस दिवस तो शिष्यांना दिसत राहिला (प्रेषितांची कृत्ये १:३).

एका पानावर हे सगळं लिहिलं की दिसतं, चाळीस म्हणजे कसोटीचा आणि तयारीचा काळ. जुनं संपलेलं असतं, नवं सुरू व्हायचं असतं. एवढ्यावर थांबलात तरी चालेल, पण आणखी एक पाऊल टाका. होरेब म्हणजे सीनायच. म्हणजे खचलेला एलीया चालत चालत मोशेच्या डोंगरावर जातो. आणि येशूची परीक्षा? सैतानाला तो तीन उत्तरं देतो, ती तिन्ही अनुवाद नावाच्या, मोशेच्या पाचव्या पुस्तकातली आहेत: ८:३, ६:१६ आणि ६:१३. अनुवादाचा आठवा अध्याय काढून पाहा. दुसऱ्याच ओवीत रानातल्या चाळीस वर्षांची आठवण आहे, देवाने तुम्हाला नम्र करून पारखलं अशी. इस्राएल जिथे अडखळलं, तिथे येशू भुकेल्या पोटी उभा राहिला. मत्तयने हे कुठेही उलगडून सांगितलेलं नाही. ‘चाळीस’ हा एक शब्द ठेवला आणि पान उलटायचं काम वाचकावर सोडलं.

आपल्या उपवासकाळाचा हिशेबही इथलाच. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजलं तर ४६ दिवस भरतात. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास नाही. सहा रविवार वगळले की ४० उरतात.

शास्ते पुस्तकात देशाला चाळीस वर्षं स्वस्थता मिळाली असं वारंवार येतं (३:११, ५:३१, ८:२८). दाविदाचं राज्य चाळीस वर्षं, शलमोनाचंही चाळीस. त्या काळी चाळीस वर्षं म्हणजे साधारण एक पिढी असं बोललं जाई. यावरून तारखांचं कोष्टक बांधायला जाऊ नका.

चौथी पायरी: सात, आणि जमीन

सातावर सर्वांत जास्त वेळ द्या. उत्पत्तीच्या पहिल्याच पानावर देव सहा दिवस काम करतो आणि सातवा दिवस पवित्र करतो. म्हणून सात म्हणजे पूर्ण झालेलं काम आणि त्यानंतरचा विसावा. यरीहोभोवती सात याजक सात कर्णे घेऊन सात दिवस फिरले आणि सातव्या दिवशी सात फेऱ्या झाल्या (यहोशवा ६). नामान यार्देनेत सात वेळा बुडी मारून बरा झाला (२ राजे ५). प्रकटीकरणात सात मंडळ्या, सात शिक्के, सात कर्णे, सात वाट्या आहेत. हे सगळं वहीत उतरवा, पण लेवीयचा पंचविसावा अध्याय काढल्याशिवाय सात कळला असं समजू नका.

तिथे सात जमिनीला लावलेला आहे. सहा वर्षं पेरायचं, सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यायचा. ज्याचं पोट चार एकर पऱ्हाटीवर आहे त्याच्या मनात पहिला प्रश्न येईल, मग सातव्या वर्षी खायचं काय? शास्त्रात हाच प्रश्न, अगदी याच शब्दांत, लोकांच्या तोंडी घातलेला आहे (२५:२०), आणि सहाव्या वर्षी तीन वर्षांचं पिकेल असं वचन दिलेलं आहे. अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात सातव्या वर्षी कर्जमाफी आहे. शिवाय ताकीदही आहे: सातवं वर्ष जवळ आलं म्हणून गरीब भावाला उसनं द्यायला हात आखडू नकोस (१५:९). सात वेळा सात म्हणजे एकोणपन्नास. मग येतं पन्नासावं वर्ष, योबेल. गहाण पडलेली, विकलेली जमीन त्या वर्षी मूळ घराण्याकडे परत जायची आणि कर्जापायी राबणारा माणूस मोकळा होऊन घरी जायचा. जमिनीचा भावसुद्धा योबेलपर्यंत किती पिकं उरली आहेत त्यावर ठरायचा (२५:१५-१६). कारण देव म्हणतो, जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे म्हणून राहता (२५:२३).

मी हा अध्याय घरसभेत वाचतो तेव्हा माणसं सरसावून बसतात. कर्ज, गहाण, हातची गेलेली जमीन, यातला एकही शब्द विदर्भात समजावून सांगावा लागत नाही. शहरातल्या पुस्तकांत सात म्हणजे ‘परिपूर्णता’ एवढं लिहून पुढे जातात. ते बरोबर आहे, पण अपुरं आहे. शास्त्रातली परिपूर्णता थकलेल्या जमिनीला आणि कर्जात बुडालेल्या माणसाला मोकळा श्वास मिळण्याशी बांधलेली आहे, आणि हे शिकवताना गाळू नये असं मला कळकळीने सांगायचं आहे.

इथून पुढे साताचे धागे कुठे कुठे जातात पाहा. बाबेलच्या बंदिवासाची सत्तर वर्षं यिर्मयाने सांगितली (२९:१०). इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी त्याचा जमिनीकडून अर्थ लावला आहे: न पाळलेले विसावे जमिनीने त्या सत्तर वर्षांत भोगून घेतले (३६:२१). पहिल्या पेंढीच्या अर्पणापासून सात आठवडे मोजून पन्नासाव्या दिवशी नव्या धान्याचं अर्पण होतं (लेवीय २३:१५-१६). तोच पन्नासावा दिवस म्हणजे पेंटेकॉस्ट, ज्या दिवशी पवित्र आत्मा उतरला. नासरेथच्या सभास्थानात येशू यशयाची गुंडाळी उघडून बंदिवानांची सुटका आणि परमेश्वराच्या प्रसादाचं वर्ष वाचतो (लूक ४:१८-१९), तेव्हा ऐकणाऱ्यांच्या मनात योबेल जागा होणारच.

आणखी एक धागा आहे, तो मला सर्वांत प्रिय आहे. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काइनाच्या वंशातला लामेख आपल्या बायकांपुढे फुशारकी मारतो: काइनाचा सूड सातपट, तर माझा सत्त्याहत्तरपट. पुढे पेत्र येशूला विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू? सात वेळा? (मत्तय १८:२१) येशूचं उत्तर काही भाषांतरांत सत्त्याहत्तर वेळा असं आहे, काहींत साताच्या सत्तर वेळा. तुमच्या प्रतीत कोणतंही असो, लामेखाचं पान उघडून शेजारी ठेवा. ज्या आकड्याने सूड वाढत गेला होता, त्याच आकड्याने येशू क्षमा वाढवतो. धुऱ्यावरून सख्ख्या भावांत कोर्टकचेरी चाललेल्या गावात हे वचन वाचायला धैर्य लागतं.

पाचवी पायरी: बारा आणि इतर

याकोबाचे बारा मुलगे, त्यांचे बारा वंश, येशूचे बारा प्रेषित. बारा म्हणजे देवाची प्रजा, एकही घर न वगळता. बाराचा आकडा टिकवायला शास्त्र किती जपतं ते पाहण्यासारखं आहे. लेवीच्या वंशाला जमिनीचा वाटा नव्हता, तेव्हा योसेफाचे एफ्राईम आणि मनश्शे असे दोन वंश धरून बारा भरले. प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायातल्या यादीत लेवी आहे आणि दान या वंशाचं नाव नाही, तरी बेरीज बाराच. येशूला धरून देणारा शिष्य यहूदा गेल्यावर बाकीच्या शिष्यांनी आधी मत्थियाला निवडून बारा पुरे केले, मग पेंटेकॉस्टचा दिवस आला (प्रेषितांची कृत्ये १).

बारा गुणिले बारा गुणिले हजार म्हणजे एक लाख चव्वेचाळीस हजार. एवढ्याच लोकांचं तारण होणार असं सांगणारे भेटतात. त्यांच्यासमोर प्रकटीकरण ७ शांतपणे वाचा. चौथ्या ओवीत योहान हा आकडा ऐकतो. नवव्या ओवीत तो डोळ्यांनी बघतो, तर समोर कोणालाही मोजता येणार नाही एवढा लोकसमुदाय, सर्व राष्ट्रांतला, सर्व भाषा बोलणारा. त्यात मराठी आणि कोरकूही आलीच.

साडेतीनबद्दल आपल्याकडच्या वाचकाने विशेष सावध राहावं. आपल्या कानाला साडेतीन शुभ वाटतं: साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं, माहूरची वाट. बायबलमध्ये साडेतीन म्हणजे मोडलेले सात. साडेतीन वर्षं, बेचाळीस महिने, बाराशे साठ दिवस, सगळं एकच माप (प्रकटीकरण ११ ते १३). संकटाचा काळ, ज्याला देवाने मर्यादा घातली आहे. एलीयाच्या काळचा दुष्काळही याकोबाच्या पत्रात साडेतीन वर्षांचाच आहे (५:१७).

बाकीचे थोडक्यात. तीन: मृत्यूच्या अंधारातून तिसऱ्या दिवशी सुटका, योना आणि येशू दोघांची. पेत्राने तीनदा नाकारलं, म्हणून योहान २१ मध्ये त्याला तीनदा विचारणा. आठ: आठवड्यानंतरचा पहिला दिवस, नवी सुरुवात. तारवात वाचलेली माणसं आठ, सुंता आठव्या दिवशी. दहा: आज्ञा. हजार: मोजण्यापलीकडचं खूप. हजार डोंगरांवरची गुरं देवाची आहेत (स्तोत्र ५०:१०), याचा अर्थ हजार एकाव्या डोंगरावरची दुसऱ्याची असा होत नाही. आणि तेरा अशुभ असल्याचं शास्त्रात कुठेही नाही.

सहावी पायरी: अक्षरांतले आकडे

इब्री आणि ग्रीक भाषांत आकड्यांसाठी वेगळी चिन्हं नव्हती. अक्षरंच आकड्यांचं काम करत. त्यामुळे कोणत्याही नावाची बेरीज करता येई. मत्तयचा पहिला अध्याय घ्या. अब्राहामापासून दावीदापर्यंत चौदा पिढ्या, पुढे बंदिवासापर्यंत चौदा, पुढे ख्रिस्तापर्यंत चौदा. इब्रीत दावीद हे नाव तीन अक्षरांचं: चार, सहा, चार. बेरीज चौदा. मत्तयने चौदा जुळवण्यासाठी योराम आणि उज्जीया यांच्यामधले तीन राजे गाळलेसुद्धा आहेत, राजे पुस्तकाशी ताडून पाहा. वंशावळीतून त्याला सांगायचंय ते हे की दावीदाचा पुत्र, खरा राजा, आला आहे. नातेवाईकांची पूर्ण नोंद ठेवणं हा त्याचा हेतू नव्हता.

आता सहाशे सहासष्ट. प्रकटीकरण १३:१८ म्हणतं, ज्याला बुद्धी आहे त्याने श्वापदाच्या संख्येचा हिशेब करावा, कारण ती माणसाची संख्या आहे. ‘नेरोन कैसर’ हे इब्री अक्षरांत लिहिलं तर ५०, २००, ६, ५०, १००, ६० आणि २०० मिळून ६६६ होतात. काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ आहे. ‘नेरोन’मधला शेवटचा न काढून लॅटिन वळणाने ‘नेरो’ लिहिलं तर पन्नास कमी होऊन नेमके ६१६ उरतात. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या रोमन सम्राटाकडे बोट आहे असं बरेच अभ्यासक यावरून मानतात, आणि मलाही ते पटतं. दुसऱ्या शतकातच बिशप आयरेनियस यांनी या आकड्यावरून नावं ठरवायची घाई करू नका असं लिहून ठेवलंय.

आधार कार्डात, बारकोडमध्ये, लसीत हा आकडा लपलाय असे संदेश गावोगावी फिरतात आणि साधी माणसं घाबरतात. रेशन आणि दवाखाना सोडायची वेळ आणणाऱ्या भीतीचा शास्त्राशी संबंध नाही. अशा घाबरलेल्या माणसाला लगेच पुढची ओवी, म्हणजे १४:१, वाचून दाखवा. तिथे कोकरा सियोन डोंगरावर उभा आहे आणि त्याच्या लोकांच्या कपाळावर त्याचं आणि त्याच्या पित्याचं नाव आहे. मध्ये अध्यायाची रेघ आल्यामुळे लोक तेराव्यावर पुस्तक मिटतात. ती रेघ योहानाने मारलेली नाही.

सातवी पायरी: एक उतारा पूर्ण करून पाहू

आता नावेतल्या त्या प्रश्नाकडे जाऊ. मार्क ६:३०-४४ आणि ८:१-१० हे दोन्ही उतारे मोठ्याने वाचा आणि वहीत आकडे मांडा. पहिल्यात पाच भाकरी, दोन मासे, पाच हजार पुरुष, शंभर-शंभर आणि पन्नास-पन्नासच्या पंगती, बारा टोपल्या. दुसऱ्यात सात भाकरी, चार हजार माणसं, सात टोपल्या.

मागची पानं उलटा. शंभर आणि पन्नास कुठे होते? निर्गम १८:२१, मोशे रानात लोकांवर शंभरांचे, पन्नासांचे नायक नेमतो. मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे लोक कुठे होते? गणना २७:१७, पुन्हा मोशे. रानात भाकर कुठे मिळाली होती? मान्ना. पहिली पंगत इस्राएलची आहे हे स्पष्ट होतं, आणि बारा टोपल्या म्हणजे बाराही वंशांना पुरून उरलं.

दुसऱ्या पंगतीआधी सातवा अध्याय वाचायलाच हवा. तिथे एक परकी बाई, सुरफुनीकी, लेकीसाठी येशूकडे येते आणि म्हणते, मेजाखाली मुलांच्या हातून पडलेला चुरा तर कुत्र्यांनाही मिळतो. मग येशू दकापलीसच्या मुलखातून जातो (७:३१), जिथे यहूदी नसलेल्यांची वस्ती मोठी. आणि तिकडेच चार हजारांची पंगत बसते, त्यातले काही दुरून आलेले (८:३). उरतात सात टोपल्या. सात, म्हणजे सृष्टीच्या पहिल्या आठवड्याचा आकडा, सगळ्या जगाचा. त्या बाईने चुरा मागितला होता, तिच्या बाजूच्या लोकांना पोटभर भाकर मिळून वर टोपल्या उरल्या.

कोण कोणाच्या पंगतीला बसतं हा प्रश्न आपल्या खेड्यांत संपलेला नाही. म्हणून हा उतारा सभेत घ्याल तेव्हा घाई करू नका, इथे लोकांना बोलू द्या.

बाराचा अर्थ मला पक्का वाटतो, साताचा बराचसा. पाच भाकरी म्हणजे मोशेची पाच पुस्तकं असंही काही जण सांगतात. तसं म्हणायला उताऱ्यात आधार फार थोडा आहे, मी ते शिकवत नाही. तुमच्या वहीतही असे तीन रकाने करा: पक्कं, बहुधा, आणि कोणीतरी म्हणतं.

आठवी पायरी: कुठे थांबायचं

योहान २१:११ मध्ये जाळ्यात एकशे त्रेपन्न मोठे मासे सापडतात. जुन्या काळचे बिशप ऑगस्टीन यांनी दाखवलं की एक ते सतरा आकड्यांची बेरीज १५३ होते. दहा आज्ञा आणि आत्म्याची सात दानं मिळून सतरा, म्हणून हा तारण झालेल्यांचा आकडा, असं त्यांचं म्हणणं. सुंदर आहे. पण मला वाटतं, मासे पकडणाऱ्यांनी वाटणीसाठी मोजले असतील आणि आकडा लक्षात राहिला असेल. दोन्ही ऐकून घ्या आणि योहान पुढे काय म्हणतो त्याकडे बघा: एवढे असूनही जाळं फाटलं नाही.

कोणी आकड्यांवरून प्रभूच्या येण्याची तारीख सांगू लागला तर मत्तय २४:३६ वाचून दाखवा आणि उठून घरी या. ठरावीक आकड्याचं दान द्या म्हणजे तेवढ्या पटीने मिळेल असं कोणी म्हटलं तर खिशाला हात लावू नका. वचनातला आकडा गाडीच्या नंबरासाठी, लग्नाच्या तारखेसाठी किंवा मटक्यासाठी वापरणं हा वचनाचा अपमान आहे, हे पोरांना स्पष्ट सांगा.

सरावासाठी

लूक १५ पासून सुरुवात करा. शंभरातलं एक मेंढरू, दहातलं एक नाणं, दोघांतला एक मुलगा. आकडा लहान होत जातो तसं हरवण्याचं दुःख कसं वाढत जातं ते लिहा. मग शास्ते ७: गिदोनाचे बत्तीस हजार, दहा हजार, शेवटी तीनशे. प्रकटीकरणात ‘धन्य’ हा शब्द किती वेळा येतो ते पेन्सिलने खुणा करत मोजा, लहान मुलांना हे फार आवडतं. विलापगीताच्या अध्यायांच्या ओव्या मोजा, २२, २२, ६६, २२, २२ भरतील. इब्री वर्णमालेत बावीस अक्षरं आहेत, आणि पहिल्या चार अध्यायांत कवीने त्याच क्रमाने शोक मांडलाय.

दानीएल ९ मधली सत्तर सप्तकं मात्र सध्या राहू द्या. आधी लेवीय २५, यिर्मया २९ आणि २ इतिहास ३६ वहीत उतरवून झालेले असू द्या, मग पाळकांना किंवा फादरना वेळ मागून त्यांच्यासोबत बसून वाचा.